श्रीसूक्ताचा ऑनलाइन वर्ग: संथा छान, अर्थ त्याहून छान, ग्रुप मात्र म्यूट करा

श्रीसूक्त नुसतं तोंडपाठ करायचं असेल तर पैसे भरून वर्ग लावायची काही गरज नाही, यूट्यूबवर ढिगाने आहे, रोज सकाळी लावून ठेवा, महिन्याभरात आपोआप बसेल. पण स्वरात म्हणायचं असेल आणि आपण देवीकडे नक्की काय मागतोय ते कळून म्हणायचं असेल तर हा वर्ग खरंच चांगला आहे. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारपण आहे. असे वर्ग आता बरेच निघालेत, त्यामुळे कुठलाही लावताना काय बघायचं ते तरी कळेल.

शिकवणं संथेचं आहे. म्हणजे गुरुजी एक चरण एकदा म्हणणार, आपण दोनदा म्हणायचं, मग दोन चरण जोडून, मग पूर्ण ऋचा. सुरुवातीला फार हळू वाटतं, काही लोक पहिल्याच आठवड्यात गळाले, पण वेद असाच शिकवतात आणि सूक्त म्हणजे स्तोत्र नव्हे, त्याला चाल लावून गायचं नसतं हे इथे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगतात. पीडीएफ मोठ्या अक्षरात आहे (चष्मेवाल्यांची सोय), अक्षराखाली आडवी रेघ असेल तिथे आवाज खाली, डोक्यावर उभी रेघ असेल तिथे वर, काहीच खूण नसेल तिथे मधला सूर. एवढं समजलं तरी ऐकण्यातच फरक पडतो, भक्तिगीतासारखी गायलेली रेकॉर्डिंग मग कानाला खटकायला लागतात.

उच्चारांवर गुरुजी फार कडक आहेत. आपल्या मराठी सवयीने च आणि ज 'चमचा', 'जहाज' मधल्यासारखे येतात ते संस्कृतात चालत नाहीत, 'ज्वलन्तीं' ला अर्धा वर्ग अडकतो. आणि बऱ्याच पुस्तकांत 'जातवेदो ममावह' छापलंय, गुरुजी मात्र ते 'म आवह' असं तोडून म्हणायला लावतात, त्यावरून एका काकांनी बराच वाद घातला, गुरुजींनी शांतपणे पदं फोडून दाखवली आणि पुढे गेले.

आता अर्थाचा भाग, ज्यासाठी मी पूर्ण मार्क देईन. श्रीसूक्त ऋग्वेदाच्या खिलसूक्तांतलं, म्हणजे मूळ संहितेला जोडलेल्या परिशिष्टातलं, ऋचा १५ आणि पुढे फलश्रुती, म्हणजे म्हटल्याने काय मिळतं ते सांगणारा भाग. आपण समजतो ही लक्ष्मीची प्रार्थना, पण पहिल्या दोन ऋचांत हाक थेट तिला नाहीच, अग्नीला आहे (जातवेदा हे त्याचंच नाव), जातवेदा तू तिला माझ्याकडे घेऊन ये आणि ती परत निघून न जाणारी असू दे. मागायचं काय तर सोनं, गाई, घोडे, माणसं. माणसं हे वाचून मी थांबलेच, कारण घरात माणसं असणं हीसुद्धा लक्ष्मीच असं त्या काळी थेट म्हणून ठेवलंय. तिसऱ्या ऋचेत ती येते तेव्हा पुढे घोडे, मधे रथ आणि हत्तींच्या आवाजाची वर्दी, अगदी स्वारी! सहाव्या ऋचेत बेलाचं झाड तिचं म्हटलंय, आपण बेल फक्त शंकराला वाहतो. आठवीत भूक आणि तहान यांनी मळलेली थोरली बहीण अलक्ष्मी, तिला घरातून घालवायचंय. दहावीत तर वाणीचं सत्य मागितलंय, बँक बॅलन्सच्या आशेने म्हणणाऱ्यांनी ही ऋचा जरा सावकाश म्हणावी.

आणि सगळ्यात भारी म्हणजे नववी ते बारावी. करीषिणी म्हणजे जिच्याकडे शेणखत भरपूर आहे ती, मग कर्दम म्हणजे चिखल, चिक्लीत म्हणजे ओलावा, आणि हे दोघं तिचे मुलगे मानलेत, त्यांना विनवणी की बाबा माझ्या घरी राहा आणि आईलाही राहायला लाव. फोटोतली नाण्यांचा पाऊस पाडणारी लक्ष्मी डोक्यात असते ना, ती इथे पार पुसली जाते, ही ओल्या जमिनीची, जनावरांची, पिकाची देवी आहे. यावर गुरुजी पूर्ण दोन सेशन बोलले, एकही मिनिट फुकट नाही.

पठणाचं पण व्यवस्थित सांगितलं. सोळा आवर्तनं करायची तर फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनाला, अभिषेकाला कसं, कुंकुमार्चनाला कसं. सगळ्यांना सोळा जमत नाहीत, रोज एक करा पण घाई नको, एकाला पाचेक मिनिटं लागतात. ज्यांना स्वर जमतच नाहीत त्यांना स्वतःच म्हणाले की महालक्ष्म्यष्टक म्हणा, आठ श्लोक आहेत, स्वरांचं बंधन नाही. बायकांनी सूक्त म्हणावं का असा प्रश्न आला (येतोच!), तर गुरुजी म्हणाले पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकून पूजा सांगतात, तुम्ही निदान घरात म्हणायला काय हरकत, विषय संपला.

आता तक्रारी. झूमवर सगळे म्यूट, म्हणजे आपण दोनदा म्हणतो ते ऐकतं कोण? संथेत गुरूने ऐकून चूक पकडणं हाच जीव आहे. रविवारी थोड्या थोड्या लोकांचं ऐकतात पण नंबर लागायला वाट बघावी लागते. रेकॉर्डिंग पाठवा म्हणतात, उत्तर येतं पण उशिरा. फी तशी जास्त नाही पण यासाठी थोडी जास्त घेऊन बॅच लहान ठेवली असती तर बरं झालं असतं.

दुसरी म्हणजे तो व्हॉट्सॲप ग्रुप. गुरुजी एवढं चिखल-माती समजावून सांगतात आणि ग्रुपवर ॲडमिन मंडळी अमुक दिवस म्हटलं आणि कर्ज फिटलं, प्रमोशन झालं असले मेसेज टाकतात आणि खाली श्रीयंत्र, कमळगट्ट्याची (कमळाच्या बियांची) माळ, सिद्ध केलेलं नाणं, ऑफर आजच्यापुरती. हे फार डोक्यात जातं. गुरुजींना विचारलं तर हसले फक्त. घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही हे मान्य, पण ग्रुप सरळ म्यूट करा, पीडीएफ आणि रेकॉर्डिंगची लिंक वेगळ्या मेलवर पण येते.

पाचपैकी चार. नवरात्राच्या आधीच्या बॅचला तुफान गर्दी असते आणि ऐकवायचा नंबर काही लागत नाही, त्यामुळे घाई नसेल तर मार्गशीर्षाचे गुरुवार उलटल्यावरची बॅच घ्या.