अंधुक लघुग्रह: नेत्रिकेतून की कॅमेऱ्यातून?

व्हेस्टा, सेरेस, पॅलास बघायचे असतील तर नेत्रिका (दुर्बिणीला डोळा लावतो ते भिंग) पुरते. खरा प्रश्न पडतो तेराव्या प्रतीच्या आसपास (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका ठिपका अंधुक), आणि नुसत्या दर्शनावर न थांबता कक्षाही समजून घ्यायची असेल तेव्हा. मी आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची दुर्बीण) आणि ट्रॅकिंग माउंटवरची, म्हणजे आकाशाबरोबर फिरणाऱ्या बैठकीवरची, छोटी, कॅमेरा लावलेली दुर्बीण, दोन्ही भरपूर वापरल्या आहेत.

नेत्रिकेचं सुख वेगळं, हे आधीच मान्य करतो. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, मंगळ आणि गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह ताशी साधारण ३० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. पृथ्वी त्याला आतल्या बाजूने मागे टाकते म्हणून तो वक्री होतो, हे रात्रीमागून रात्री कागदावर उतरवताना जितकं पटतं तितकं वाचून पटत नाही.

माझं घोडं अडलं ते ठिपका ओळखण्यापाशी. उथळ, फक्त तेजस्वी ताऱ्यांचा नकाशा घेतला तर त्यात नसलेला प्रत्येक ठिपका संशयित. खोल, अंधुक ताऱ्यांसकटचा नकाशा घेतला तर त्यातली अर्धी गर्दी नेत्रिकेत दिसतच नाही. शिवाय स्केचमध्ये आपण काढू तेवढेच ठिपके. राहून गेलेला ठिपकाच लघुग्रह असेल आणि दुसऱ्या रात्री ढग आले, तर सगळं तिथेच संपलं. फोटोत काही वगळलेलं नसतं. आठवड्याने त्याच भागाचा फोटो घेतला तरी आधीचा कोणता ठिपका जागेवर नाही, ते निवांत शोधता येतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

कक्षेसाठी तर मोजलेली स्थानंच लागतात. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर फोटोतले तारे ताऱ्यांच्या कॅटलॉगशी जुळवून ती देतं. ती फाइंड ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. एकाच रात्रीच्या निरीक्षणांवर कितीतरी वेगवेगळ्या कक्षा बसतात. दिवस वाढले की अर्धदीर्घ अक्ष (कक्षेचा आकार किती मोठा) आणि उत्केंद्रता (कक्षा किती लंबगोल) हळूहळू स्थिरावतात, मग नासाच्या जेपीएलच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेतल्या आकड्यांशी ताडून बघा. १८०१ मध्ये सेरेस शोधणाऱ्या पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला तो जेमतेम सहा आठवडे दिसला होता. तेवढ्यावर गणितज्ञ गाउसने कक्षा काढली आणि वर्षअखेर तो पुन्हा सापडला. हे काम किती अवघड होतं, ते मला स्वतःचे आकडे डळमळताना पाहून उमगलं.

संगणकाचं घड्याळ मात्र अचूक ठेवा, कारण फोटोची वेळ त्यावरूनच नोंदली जाते. पृथ्वीजवळून जाणाऱ्या वेगवान लघुग्रहाला एका सेकंदाची चूकही भोवते.

केबली आणि संगणकाचा मनापासून कंटाळा असेल तर डॉब्सोनियनच बरी, फक्त लघुग्रह जरा तेजस्वी निवडा. कक्षेची ओढ असेल तर, माझ्या मते, दुर्बीण लहान चालेल, पण कॅमेरा हवा.