पेट-स्कॅन सेंटर: मशीन उत्तम, काउंटर वैताग

धाकट्या भावाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. केमोच्या 2 सायकल झाल्यावर डॉक्टर म्हणाले, पेट-सीटी करा, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे सक्रिय उरलाय ते दाखवणारा स्कॅन. बिल 18,000. वहिनी पुटपुटली, "गाठी तर हाताला लागत नाहीत आता, कशाला हवा स्कॅन?" मलाही तसंच वाटलं होतं.

सेंटर पुण्यातलं, नाव लिहीत नाही. सकाळी 7 ला उपाशीपोटी बोलावलं, इंजेक्शन मिळालं साडेदहाला. इंजेक्शनच्या किरणोत्सारी औषधाची गाडी अडकली म्हणे. त्या औषधाची किरणं 110 मिनिटांत निम्मी होतात, साठवून ठेवता येत नाही, हे मान्य. पण एक फोन करायचा होता ना! वर काउंटरवर "कार्ड चालत नाही". मशीनवरचा मुलगा मात्र गुणी. भाऊ कुडकुडत होता, न सांगता दुसरं पांघरूण आणलं.

रिपोर्ट संध्याकाळी हातात, डोव्हिल स्कोअर 5 पैकी 2, म्हणजे केमो चांगली लागू पडतेय. म्हणून पुढच्या 4 सायकलमधून ब्लिओमायसिन हे केमोचं एक औषध वगळलं. ते औषध काही महाग नाही. महाग पडतं ते त्यानं फुप्फुसाला इजा झाली तर. भाऊ बासरी वाजवतो. तेव्हा 18,000 वसूल.

काउंटरला 1 स्टार, स्कॅनला 5. जाताना रोकड आणि स्वेटर न्या.