थंड हवेतले कमळ: बी रुजवावे की कंद आणावा?

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतून कमळ लावण्याविषयी विचारणा होते, तेव्हा ती बहुधा हिवाळ्यापासून सुरू होते: उणे पंधरा अंशांत हे झाड जगेल का? ही काळजी स्वाभाविक असली, तरी कमळाच्या बाबतीत ती बरीचशी अनाठायी आहे. श्रीनगरचे दल सरोवर सुमारे १५८० मीटर उंचीवर आहे आणि कडक थंडीत त्याच्या काठचे पाणी गोठते. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये तेथे कमळे फुलतात आणि त्यांचे कंद ‘नद्रू’ म्हणून काश्मिरी स्वयंपाकात जातात. रशियात अस्त्राखानजवळ, व्होल्गा नदी जेथे कास्पियन समुद्राला मिळते, तेथील त्रिभुज प्रदेशात हिवाळ्यात बर्फ धरतो, पण चिखलात दडलेले कंद तगून राहतात. अमेरिकेचे पिवळे कमळ तर मिनेसोटा आणि कॅनडाच्या दक्षिण ऑन्टारिओपर्यंत आपोआप वाढते. या तिन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट म्हणजे तेथील खराखुरा तापणारा उन्हाळा. याउलट मँचेस्टरमध्ये हिवाळा सौम्य असतो, पण जुलैतही दुपारचे तापमान सरासरीने २१ अंशांच्या आसपासच घुटमळते आणि तेवढ्या उबेवर कमळ पाने काढते, फूल काढत नाही. फुलासाठी त्याला साधारण दोन ते तीन महिने २४ ते ३० अंशांचे दिवस आणि भरपूर थेट ऊन लागते. म्हणून बी आणि कंद यांची तुलना करताना किमतीच्या आधी आपल्या गावाचा उन्हाळा मोजावा.

बियांचे पहिले आकर्षण त्यांची चिवट जीवनशक्ती हे आहे. जपानमधील वनस्पतिशास्त्रज्ञ ओगा इचिरो यांना १९५१ मध्ये चिबा येथील पीटच्या (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरातून मिळालेले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मानले जाणारे बी रुजले आणि पुढच्याच वर्षी त्याला फूल आले. चीनच्या लिआओनिंग प्रांतातील एका आटलेल्या तळ्याच्या गाळातून काढलेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे बीही वनस्पतिशास्त्रज्ञ जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवून दाखवले. हे शक्य होते ते पाणी आणि हवा दोन्ही आत न जाऊ देणाऱ्या कठीण कवचामुळे, आणि बी लावणाऱ्याचे पहिले काम तेच कवच भेदण्याचे असते. न घासलेले बी पाण्यात टाकले तर ते महिनोन्महिने तसेच पडून राहील. बी आधी काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, पण त्याची गरज नसते. या बियांची झोप थंडीने मोडणारी नसून कवच उघडल्यावरच मोडणारी आहे.

बियाच्या एका टोकाला बारीक काटा असतो आणि दुसऱ्या टोकाला किंचित खळगा. खळग्याच्या बाजूने कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने घासत जावे आणि तपकिरी कवचाखाली फिकट, दुधाळ रंगाचा गर डोकावला की तेथेच थांबावे, कारण त्याहून खोल गेल्यास कोंब दुखावतो किंवा गर कुजू लागतो. नंतर बी २५ ते ३० अंशांच्या पाण्यात ठेवून पाणी रोज बदलावे; एक-दोन दिवसांत ते फुगून जवळजवळ दुप्पट होते आणि साधारण आठवडाभरात हिरवा कोंब बाहेर येतो. थंड देशातील घरांत अडचण येते ती येथेच: दिवसा ऊबदार वाटणाऱ्या खोलीतील पेल्यातले पाणी रात्री १७-१८ अंशांवर उतरते आणि बी अर्धवट फुगून सडते. मत्स्यपेटीसाठी मिळणारा छोटा हीटर किंवा रोपांखाली अंथरायची तापणारी चटई या कामी घेतली, तर उरलेले काम बी स्वतःच करते. पाने मुळांच्या आधी येतात, त्यामुळे पाण्यात लांबट देठ तरंगताना पाहून घाबरण्याचे कारण नाही. मुळे दिसू लागली की रोप चिकणमातीत लावावे. कुंडीसाठी विकले जाणारे हलके मिश्रण येथे निरुपयोगी असते, कारण ते पाण्यावर तरंगते.

हौसेपोटी फेब्रुवारीतच बी घासणाऱ्यांची मात्र फसगत होते. थंड देशांत तेव्हा उजेड अपुरा असतो, रोप बियातला साठा संपवून लांबट होते आणि ऊन येण्याआधीच दमून जाते. एप्रिलच्या मध्याचा सुमार अधिक योग्य आहे.

कंदाची गोष्ट निराळी आहे. तो केळ्यासारखा, दोन-तीन पेरांचा आणि टोकाला अणकुचीदार डोळा असलेला असतो. वसंताच्या आरंभी काही आठवडेच मिळतो, बियांच्या पाकिटापेक्षा कितीतरी महाग असतो आणि वाहतुकीत डोळा मोडला तर बहुधा वाया जातो. टब ४० ते ६० सेंटीमीटर रुंदीचा, गोल आणि तळाला भोक नसलेला असावा, कारण चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यांत धावरे (चिखलात आडवे पसरणारे कोंब) अडकून त्यांची टोके मोडतात. आपल्याकडचे मोठे घमेले यासाठी उत्तम, पण ते परदेशात कोठून आणणार! कंद मातीवर आडवा ठेवून डोळा उघडा राखावा आणि वर ५ ते ८ सेंटीमीटर पाणी ठेवावे. हे पाणी पंधरा अंशांखाली राहिले तर कंदही सडतो, म्हणजे उबदार आरंभाच्या खटाटोपातून कंद घेणाऱ्याचीही सुटका होत नाही. या सगळ्याच्या बदल्यात त्याला वेळ मिळतो. कंदात वर्षभराचे अन्न आधीच साठलेले असल्यामुळे उन्हाळा बरा असेल तर त्याच वर्षी फूल येऊ शकते, तर बियाचे रोप थंड प्रदेशात साधारणपणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी फुलते आणि पुरेशी ऊब न मिळाल्यास कधीच फुलत नाही. कमळाच्या फुलाची गंमत अशी की ते उमलताना स्वतःचे तापमान ३० ते ३५ अंशांवर राखते, भोवतालची हवा दहा अंशांची असली तरीही. पण त्या फुलापर्यंत पोहोचण्याची ऊब मात्र झाडाला बाहेरूनच मिळावी लागते.

दोन्ही पर्यायांत खरा फरक पडतो तो वंशामुळे, आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कंद म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा, त्यामुळे रंग, उंची आणि थंडी सोसण्याची ताकद यांची निश्चिती असते. बियातून येणारे प्रत्येक रोप वेगळे निघते, त्यामुळे नावाजलेल्या संकरित जातीचे बी घेऊन तेच फूल मिळेल, ही अपेक्षा ठेवता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आशियाई कमळात समशीतोष्ण आणि उष्ण प्रदेशांतील असे दोन स्वभाव आहेत. उत्तरेकडची कमळे शरदात दिवस लहान होऊ लागले की जाड कंद धरतात आणि झोपी जातात. उष्ण कटिबंधातील कमळांचे धावरे बारीकच राहतात आणि त्यांना झोपेची सवय नसते. दोघांचे बी हातात घेतले तर वेगळे ओळखता येत नाही, पण पहिल्याच हिवाळ्यात दोघांतला फरक कळतो.

म्हणूनच लक्ष्मीपूजनासाठी आणलेले कमळगट्टे, म्हणजे कमळाच्या वाळलेल्या बिया, रुजवण्याचा मोह आवरावा, असे मी सुचवेन. माळेतले मणी भोक पाडलेले असल्यामुळे ते तर सडणारच. सुटे, अखंड कमळगट्टे रुजतील, पण ते उष्ण मैदानी प्रदेशातील तळ्यांतून आलेले असण्याची शक्यता मोठी, आणि मग शिकागोच्या जानेवारीत त्यांचा निभाव लागणे कठीण. शिवाय बियाणे सामानातून नेताना बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर विमानतळावरच बी जप्त होते. किराणा दुकानातल्या कमळकाकडीचे बहुतेक तुकडे डोळे छाटलेले असतात, आणि खाण्यासाठी जोपासलेल्या जाती फुलांच्या बाबतीत तशाही कंजूष असतात. मखाना हे कमळाचे बीच नव्हे, ते वेगळ्या पाणवनस्पतीचे आहे.

बी विकत घ्यायचेच ठरले तर ज्याच्या मूळ झाडाचा प्रदेश विक्रेता सांगू शकतो, असेच घ्यावे; उत्तर चीन किंवा रशिया-चीन सीमेवरील अमूर नदीच्या खोऱ्यातील वंशाचे, अथवा उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी तेथल्याच पिवळ्या कमळाचे. निळ्या किंवा इंद्रधनुषी कमळाच्या बियांची जाहिरात दिसली तर पुढे जावे. कमळ गुलाबी, पांढरे, पिवळे आणि या रंगांच्या मिश्र छटांचे असते, निळे नसते. निळे दिसते ते कुमुदिनीच्या कुळातले फूल. नावांचा हा घोळ आपल्याला नवा नाही. आपण ज्याला कृष्णकमळ म्हणतो तो वेल आहे आणि गच्चीवरच्या कुंडीतले ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातले आहे.

टोरांटो, शिकागो किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, जेथे जुलै कडक आणि जानेवारी त्याहून कडक असतो, तेथे फूल पाहणे हाच हेतू असेल तर कंद घ्यावा आणि थंडी सोसणाऱ्या वंशाचा आहे याची खात्री करून घ्यावी. तेथे बीही यशस्वी होते, पण दोन-तीन वर्षे वाट पाहण्याची तयारी हवी. इंग्लंड, आयर्लंड, नेदरलँड्स किंवा सिएटलच्या बाजूला उघड्या अंगणात मी कंदावर पैसे घालणार नाही. काचघर किंवा दक्षिणेकडे तोंड असलेली काचबंद पडवी असेल तरच कंदाचा विचार करावा, तोही लहान जातीचा आणि काळ्या टबात, कारण थोडे पाणी उन्हाने लवकर तापते.

बियांची बाजू एका बाबतीत मात्र भक्कम आहे. आपली जागा कमळाला पुरेशी उबदार आहे की नाही, हे अजमावण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. चार बिया एप्रिलमध्ये घासाव्यात आणि वाढ पाहत राहावे. आधी पाण्यावर तरंगणारी नाण्यांसारखी पाने येतात, नंतर पाण्याबाहेर ताठ उभी राहणारी. ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकही उभे पान आले नाही, तर त्या जागी महागडा कंद लावून निराशाच पदरी पडेल. उभी पाने तीन-चार आली, तर पुढच्या वसंतात कंद मागवायला हरकत नाही, किंवा हातच्या रोपांनाच आणखी एक उन्हाळा द्यावा.

तो दुसरा उन्हाळा दिसण्यासाठी पहिला हिवाळा ओलांडावा लागतो, आणि तेथे दोघांची काळजी सारखी नसते. चांगला पोसलेला कंद टबासह तळ्यात बर्फाच्या थराखाली उतरवून ठेवला तरी तगतो. तो स्वतः गोठला नाही म्हणजे झाले. पहिल्या वर्षीच्या रोपाचा कंद बोटाएवढा बारीक असतो आणि त्याला तेवढी जोखीम झेपत नाही, म्हणून पाने वाळली की टब गॅरेजमध्ये किंवा तळघरात दोन ते दहा अंशांच्या दरम्यान ठेवावा आणि माती ओली आहे ना, हे महिन्यातून एकदा बोट घालून पाहावे.