हार्ड डिस्क नसलेल्या दहा संगणकांवर डेबियन लाइव्ह : आठ महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या नंदनवन भागातील आमच्या संगणक प्रशिक्षण वर्गात गेल्या ऑक्टोबरपासून दहा संगणक हार्ड डिस्कशिवाय चालत आहेत. तिसऱ्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर आणि प्रत्येकी ४ जीबी रॅम असलेल्या या यंत्रांच्या डिस्क एकामागोमाग निकामी झाल्या, वर्गासाठी नवे संगणक आले आणि जुने मागच्या खोलीत चादरीखाली गेले. कबाड्याला देण्यास मन तयार होईना, कारण डिस्क सोडल्यास त्यांचे सर्व भाग ठणठणीत होते. त्यांना डेबियन १२ या लिनक्स प्रणालीच्या लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता चालणाऱ्या आवृत्तीवर नेटवर्कमधून सुरू करावे आणि त्यांची गणनशक्ती एखाद्या वैज्ञानिक प्रकल्पाला द्यावी, असे ठरवले. आठ महिन्यांनंतर ही व्यवस्था मला पूर्णपणे विश्वासार्ह वाटते, मात्र पहिले दोन महिने ती तशी नव्हती.

एक मोठे काम अनेक संगणकांत वाटून करावयाच्या गणनेसाठी आम्ही बॉइंक ही प्रणाली निवडली. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेटी अ‍ॅट होम या परग्रहांवरील बुद्धिमान जीवसृष्टीचे संकेत शोधणाऱ्या, १९९९ साली सुरू झालेल्या प्रकल्पाच्या अनुभवातून ती घडली. सेटीने मार्च २०२० अखेर नवी कामे पाठवणे थांबवले, परंतु बॉइंकवर इतर अनेक प्रकल्प सुरू आहेत. त्यांपैकी आम्ही २००५ पासून चालत आलेला आइन्स्टाइन अ‍ॅट होम हा प्रकल्प घेतला. गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे तरंग) आणि पल्सार (वेगाने फिरत नियमित स्पंद पाठवणारे मृत ताऱ्यांचे अवशेष) यांचा शोध हे त्याचे काम आहे. २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून सापडलेला एक पल्सार प्रथम अमेरिकेतील आयोवा आणि जर्मनीतील माइन्झ येथील सामान्य नागरिकांच्या संगणकांवर दिसला होता, हे सांगितल्यावर आमच्या विद्यार्थ्यांचे डोळे विस्फारले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोची भारतातील वेधशाळा आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात उभी राहणार असल्याने त्यांना हा विषय परका वाटत नाही.

यंत्र सुरू होण्याचा क्रम सोपा आहे. बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) लॅन बूट, म्हणजे नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय, चालू केले की नेटवर्क कार्ड डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून पत्ता घेते, टीएफटीपी या साध्या फाइल-सेवेवरून कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा उतरवते आणि त्यानंतर लाइव्ह प्रणालीची दाबून लहान केलेली स्क्वॉशएफएस फाइल मिळवते. पहिली दोन्ही कामे सर्व्हरवरील डीएनएसमास्क हा एकच छोटा प्रोग्राम करतो. ती मोठी फाइल मात्र दोन प्रकारे देता येते. एनएफएसवरून, म्हणजे सर्व्हरवरचे फोल्डर नेटवर्कने जोडून, दिली तर रॅम वाचते, पण नेटवर्क क्षणभर तुटले तरी यंत्र थबकते. फेच हा पर्याय वापरून एचटीटीपीने दिली तर ती संपूर्ण रॅममध्ये उतरते आणि मग प्रणालीला सर्व्हरची गरज उरत नाही. आम्ही दुसरा मार्ग स्वीकारला आणि लाइव्ह-बिल्ड या साधनाच्या साहाय्याने डेस्कटॉप नसलेली, सुमारे ३५० एमबीची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण प्रणालीची ती एकच फाइल, तयार केली. आमचा स्विच १०० एमबीपीएसचा आहे, त्यामुळे दहाही यंत्रे एकदम चालू केल्यास ही फाइल सर्वांपर्यंत पोहोचण्यास पाच मिनिटे लागतात, आणि यंत्रे रोज एकदाच सुरू होत असल्याने तेवढे चालते.

आमची खरी अडचण स्मरणाची होती. लाइव्ह प्रणालीत होणारा प्रत्येक बदल रॅममधील वरच्या थरावर लिहिला जातो आणि यंत्र बंद होताच नाहीसा होतो. वर्गातील संगणकांसाठी हा मोठा गुण आहे, कारण विद्यार्थ्याने काहीही बिघडवले तरी दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत असते. वाटून केलेल्या गणनेला मात्र काम कोठवर आले हे लक्षात ठेवावेच लागते. पहिल्या महिन्यात आम्ही बॉइंकची माहिती रॅममध्येच राहू दिली, आणि परिणामी रोज सकाळी आमची दहा यंत्रे प्रकल्पाच्या दृष्टीने दहा नवी यंत्रे ठरत. आदल्या रात्रीची अर्धवट कामे कोणालाच परत मिळत नसत. त्यांची मुदत संपेपर्यंत प्रकल्प वाट पाहत राही आणि मग तीच कामे दुसऱ्याकडे पाठवी. एक काम दोन संगणकांकडे देऊन उत्तरे ताडून पाहण्याची तेथे पद्धत असल्याने, आमच्या चुकीमुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी पूर्ण झालेले काम पडताळणीविना अडकून राहत होते. ही गोष्ट उमजली तेव्हा मला मनापासून वाईट वाटले आणि मी सर्व यंत्रे आठवडाभर बंद ठेवली.

उपाय असा केला की प्रणाली विसरू द्यायची आणि फक्त बॉइंकची माहिती सर्व्हरवर ठेवायची. प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डच्या स्वतंत्र क्रमांकाच्या) नावाने सर्व्हरवर एकेक फोल्डर आहे, आणि यंत्र सुरू होताना आपले फोल्डर एनएफएसवरून जोडून घेते. फोल्डर जोडले गेले नाही तर बॉइंक सुरूच होऊ नये, अशी अट घातली आहे, आणि ही अट वगळू नये असा माझा आग्रह आहे. तसेच प्रतिमेतील आणि सर्व्हरवरील बॉइंक वापरकर्त्याचा क्रमांक एकच असावा लागतो, अन्यथा लिहिण्याची परवानगी नाकारली जाते. दर मिनिटाला काम जतन करण्याची मूळ मर्यादा आम्ही दहा मिनिटांवर नेली, त्यामुळे दहा यंत्रांच्या लिखाणाचा सर्व्हरच्या एकुलत्या डिस्कवरील भार लक्षणीय कमी झाला.

मेमरीबाबतही सावध राहावे लागते. डिस्क नसल्याने स्वॅपला, म्हणजे रॅम भरल्यावर डिस्कवर वापरायच्या भागाला, जागा नाही, आणि प्रतिमा स्वतःच रॅममध्ये बसलेली असते. प्रथिनांच्या रचना शोधणाऱ्या रोझेटा अ‍ॅट होमची कामे आठवडाभर घेऊन पाहिली, पण त्यांतील अनेक कामे प्रत्येकी एक जीबीहून अधिक मेमरी मागतात आणि ४ जीबीत ती निभत नाहीत. आइन्स्टाइनची पल्सार शोधाची तीन कामे एका वेळी व्यवस्थित चालतात. जोडीला झेडरॅम, म्हणजे रॅममधील माहिती दाबून जागा वाचवणारी सोय, चालू ठेवले आहे.

दोन यंत्रे मध्येच काम घेणे थांबवीत. मदरबोर्डवरील सेल संपल्याने त्यांचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जात असे, आणि चुकीच्या तारखेमुळे प्रकल्पाच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र अवैध ठरत असे. दोन नवे सेल घातले आणि प्रतिमेत वेळ जुळवणारी सेवाही घातली.

वीज गेल्यास खंड पडतो, पण तोही आता आटोक्यात आहे. सुरुवातीला वीज परत येताच दहाही यंत्रे सर्व्हरच्या आधी जागी होत आणि बूट करण्यासाठी काहीच न सापडल्याने काळ्या पडद्यावर अडून बसत. आता सर्व्हर आणि स्विच इन्व्हर्टरवर आहेत. यंत्रे आपोआप सुरू होण्याची बायोसमधील सोय बंद केली असून सर्व्हरच वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून संकेत पाठवून, त्यांना एकेक करून उठवतो.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. मार्चअखेर खोलीत ३८ अंश तापमान असताना प्रोसेसर ८६ अंशांवर गेले. बॉइंकमध्ये प्रोसेसरचा वेळ अर्धा करण्याची सोय आहे, परंतु ती काम क्षणभर चालू, क्षणभर बंद अशा रीतीने करते आणि तापमान सतत वरखाली होते. त्याऐवजी वापरायच्या कोअरची संख्या कमी करणे मला अधिक योग्य वाटले, आणि तेव्हापासून तापमान ७० च्या आसपास स्थिर आहे. वाळ्याची ताटी लावलेला कूलर या खोलीत ठेवण्याचा मोह आम्ही टाळला, कारण दमट हवा जुन्या मदरबोर्डांना मानवत नाही. गरम हवा बाहेर काढणारा पंखा लावला. मे महिन्यात गणना फक्त रात्री दहा ते सकाळी सहा चालते आणि नवतपाचे नऊ दिवस ती पूर्ण बंद ठेवणार आहोत.

खर्चाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पूर्ण भारावर एक यंत्र सुमारे ६२ वॅट घेते, म्हणजे दहा यंत्रे आठ तास चालवल्यास जवळपास ५ युनिट आणि महिन्याला दीडशे युनिट वीज लागते. इतक्याच विजेत आजचा एखादा नवा प्रोसेसर बरेच अधिक काम करील. म्हणून केवळ या हेतूने जुने संगणक विकत घेऊ नयेत. आमचे संगणक जागेवरच होते आणि दिवसा त्यांवर मुले लिनक्स शिकतात, त्यामुळे आम्हाला हा खर्च पटतो.

प्रतिमेत सुधारणा करायची झाल्यास एकच फाइल बदलावी लागते आणि पुढच्या सुरुवातीला दहाही यंत्रे अद्ययावत होतात. काही बिघडलेच तर जुनी फाइल परत ठेवली की झाले. पूर्वी दहा डिस्कवर दहा वेळा प्रणाली बसवण्यात माझे दोन रविवार जात. आता जूनमध्ये आणखी चार संगणक या सर्व्हरला जोडायचे आहेत आणि त्यासाठी चार मॅक पत्ते नोंदवणे एवढेच काम उरले आहे.