मिरचीची रोपे : काळी पिशवी की वापरलेला प्लास्टिकचा ग्लास?

परसात पंचवीस-तीस मिरच्या, दहाबारा वांगी आणि चार पपया एवढाच ज्याचा पसारा आहे, त्याने रोपे कशात करावीत, हा प्रश्न मे महिना सरत आला की आमच्या वाडीत हमखास निघतो. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी मी आधी दोन पावसाळे रोपवाटिकेतल्या काळ्या पिशव्या वापरल्या आणि त्यानंतरचे चार पावसाळे वापरून झालेले प्लास्टिकचे ग्लास वापरतो आहे. दोन्हींत रोपे उगवतात आणि दोन्हींत मरतातही, त्यामुळे अमुकच बरोबर असे छातीठोकपणे मी सांगणार नाही. तरीही माझा कल कुठे आहे हे पुढे लपून राहणार नाही, आणि तो तसा का झाला हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

ग्लासाची कल्पना माझी नव्हे. ज्या देशांत घरी गांजाची मोजकी झाडे लावायला कायद्याने मुभा आहे (कॅनडातील बहुतेक प्रांतांत २०१८ पासून घरटी चार), तिथले हौशी लोक रोपाचे पहिले काही आठवडे ते अशाच ग्लासात वाढवतात. कोवळे रोप एकदम मोठ्या कुंडीत लावले, तर जिथवर मुळे पोहोचलेली नसतात तिथली माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात, हे त्यांचे कारण. शिवाय पारदर्शक ग्लास रंगीत ग्लासात बसवला, की आतला वर उचलून मुळे कुठवर आली ते पाहता येते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली परवान्याशिवाय ते झाड लावणे हाच गुन्हा आहे, तेव्हा झाड त्यांचे त्यांना लखलाभ असो. मुळांचा युक्तिवाद मात्र मिरचीला तसाच लागू पडतो, आणि जिथे जूनपासून हवा महिनोन्महिने सुकत नाही त्या आपल्या किनारपट्टीवर तर जरा जास्तच.

आता पिशवीकडे वळतो. पिशव्या तालुक्याच्या गावी वजनावर मिळतात, भोके पाडलेली असतात, एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि काळ्या असल्यामुळे आत शेवाळ धरत नाही. एवढे गुण असूनही मी त्या सोडल्या, त्याचे कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल. पिशवीला स्वतःचा आकार नसतो. भरताना तिचे तोंड मिटते, ते उघडे धरायला एक हात गुंततो आणि माती दुसऱ्या हाताने घालावी लागते. पण तेवढे मी सहन केले असते. खरा त्रास लावणीच्या दिवशी होतो. आमचे वाफे घरापासून खाली आहेत आणि तिथे जायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते. हाऱ्यात भरलेल्या पिशव्या प्रत्येक पायरीला थोड्या दबतात, वाकतात, आणि त्यांच्यासोबत आतली मातीही वाकते. आपली जांभी माती चिकट नाही. शेणखत घातले तरी तिचा गोळा मुळांच्या आधारानेच टिकतो, आणि पाच आठवड्यांच्या मिरचीला तेवढी मुळे नसतात. वाफ्यावर पोहोचून ब्लेडने पिशवी चिरली, की गोळ्याला आधीच पडलेली भेग उघडते, अर्धी माती हातात राहते, अर्धी खाली पडते आणि पांढरी, केसासारखी मुळे उघडी पडून लोंबू लागतात. अशी रोपे लावल्यावर चार-पाच दिवस मान टाकून असतात. पावसाची उघडीप असेल तर त्यांतली काही मान वर करतच नाहीत. किती गेली हे मी कधी लिहून ठेवले नाही, पण दुसऱ्या वर्षी वरंब्यावर पडलेली खिंडारे अंगणातूनही दिसत होती.

त्या वर्षी लावणीला मदतीला आलेल्या शेजारच्या काकूंनी सरळ सुचवले, "पिशवी कशाला फाडतोस? तळ काप आणि तशीच लाव." काही रोपे मी तशी लावली आणि ती मेली नाहीत, हेही खरे. पण दिवाळीनंतर वाफा खणताना काळ्या प्लास्टिकच्या नळीत गुरफटलेल्या मुळांचे दोरे हाती आले आणि कुदळीला चिंध्या लागल्या. त्यांतल्या काही चिंध्या अजूनही दर खणणीला वर येतात.

ग्लासाचे तसे होत नाही, कारण तो कडक असतो आणि तळाकडे निमुळता होत जातो. आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे, रोपाचे खोड दोन बोटांच्या मध्ये येईल असा तळवा मातीवर टेकवावा, ग्लास उलटा करावा आणि तळावर अंगठ्याने एकदा दाबावे; साच्यातून मोदक सुटावा तसा सगळा गोळा हातावर उतरतो. (आमच्या घरी साच्यातल्या मोदकाला मान नाही, पण उपमा तीच सुचते.) गोळ्यावर ग्लासाच्या कडांच्या रेघासुद्धा उमटलेल्या असतात. असे रोप लावल्याच्या दुसऱ्या दिवशी, आपण जागा बदलली हे त्याला कळलेच नसावे, असे उभे असते. मला तरी एवढ्या एका गोष्टीसाठी ग्लासाच्या बाकीच्या खोड्या सोसाव्याशा वाटतात.

त्या खोड्या आहेत, आणि त्यांतली पहिली पाण्याची. बहुतेक जण अगरबत्तीने तळाच्या मध्यभागी एक भोक पाडतात. असा ग्लास चिऱ्यावर किंवा लादीवर ठेवला की ते भोक बंद होते, आत पाणी साचते आणि तीन दिवसांत रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. पहिल्या वर्षी पडवीच्या कडेला, थेट पागोळ्यांखाली, ठेवलेली माझी एक अख्खी रांग अशी गेली. त्यात दोष ग्लासाचा कमी आणि माझा अधिक होता. आता मी तापवलेल्या दाभणाने, तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यावर, चार भोके पाडतो, म्हणजे ग्लास कुठेही टेकला तरी पाण्याला वाट राहते. मिश्रणात मातीइतकेच शेणखत आणि निम्मी वाळू घालतो. वाळू नदीची घ्यावी. पुळणीवरची जवळ असते म्हणून आणावीशी वाटते, पण तिच्यातले मीठ कोवळ्या मुळांना सोसत नाही. चिमूटभर ट्रायकोडर्मा (मूळकुजीच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर बरे.

दुसरी खोडी उजेडाची, तिसरी वाऱ्याची. पारदर्शक ग्लासाच्या आतून हिरवे शेवाळ धरते, आणि माती सुकली की हलका ग्लास पहिल्याच झोताला आडवा होतो. ह्या दोन्हींवर आंब्याची रिकामी लाकडी पेटी हा मला सापडलेला उपाय आहे. हंगाम संपल्यावर ती घरोघरी पडून असते. तिच्यात ग्लास दाटीने उभे केले की बाजूंनी अंधार मिळतो, तळाच्या फटींतून पाणी निघून जाते, आणि लावणीच्या दिवशी पेटी जशीच्या तशी उचलून पाखाडी उतरता येते. पिशव्याही पेटीत ठेवता येतील, असे कोणी म्हणेल. मी ठेवून पाहिल्या, त्या तिथेही एकमेकींवर रेलतात.

आता अडचणीचा मुद्दा. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने आणि १ जुलै २०२२ पासून देशभर, एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ग्लासांवर बंदी आहे, तेव्हा रोपांसाठी नवे विकत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माझ्याकडचे ग्लास बंदीपूर्वीच्या एका पूजेतले, सरबताचे, धुऊन माळ्यावर ठेवलेले होते. उन्हाने त्यांतले बरेच तडकले, आणि त्यांची जागा आता दह्याचे व श्रीखंडाचे रिकामे डबे घेत आहेत. ते अधिक जाड असल्याने माझ्या मते ग्लासापेक्षा चांगलेच आहेत, फक्त आकार एकसारखे नसल्यामुळे पेटीत नीट बसत नाहीत. कागदी कप पावसाळ्यात आठवडाभरात लगदा होतो आणि आतला पातळ थर तेवढा शिल्लक उरतो. करवंटी दिसायला छान, पण उथळ. प्रो-ट्रे, म्हणजे लहान लहान खळग्यांचा प्लास्टिकचा ट्रे, हा शेकड्यांनी रोपे करणाऱ्याचा मार्ग आहे. तीस मिरच्यांसाठी त्यात भरायचे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) धूत बसण्यात मला अर्थ दिसला नाही.

पपईच्या बाबतीत मात्र मी पिशवीच वापरतो. ती दीड-दोन महिने रोपवाटिकेत राहते, आणि ग्लासाच्या गुळगुळीत भिंतीला लागून तिची मुळे तळाशी गोल फिरू लागतात. मिरची-वांग्याचेही चाळीस दिवसांपुढे हेच होते, म्हणून ग्लासातली लावणी पावसाची वाट पाहत लांबवू नये. कोकम, जायफळ, काजू ह्यांची तर चर्चाच नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता'सारखी कोकमाची कलमे पिशवीतच मिळतात आणि त्यांचा गोळा मुळांनी इतका बांधलेला असतो की ब्लेड लावले तरी फुटत नाही.

यंदा पेटीत बावीस ग्लास आणि सहा डबे आहेत. चार पिशव्या पपईसाठी भरल्या, आणि त्यांची तोंडे धरायला पुतण्याला हाक मारावी लागली.