हॉलची पावती कुणाच्या सहीची आहे?

लग्न महिन्यावर आलेलं असतं. डेकोरेशनवाला माप घ्यायला हॉलवर जातो आणि तिथला नवा माणूस सांगतो, "या तारखेला दुसऱ्यांचं बुकिंग आहे." पावती तुमच्याकडे आहे, तिच्यावर सही आहे, रकमेचा आकडा आहे. ज्याने सही केली तो मात्र आता तिथे नाही. छोट्या गावात हॉलच्या व्यवहारात सगळ्यात मोठा फटका बसतो तो असा. हॉल खरा असतो, ऑफिस उघडं असतं, वॉचमनही ओळखीचा असतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

होतं काय, की बरेच मालक हॉल स्वतः चालवत नाहीत, ठरावीक मुदतीच्या कराराने दुसऱ्याला चालवायला देतात. मुदत संपत आली की काही चालक पुढच्या लग्नसराईच्या तारखा धडाधड घ्यायला लागतात. "आत्ता भरलेत तर जुन्याच दरात देतो," म्हणतात, आणि करार संपला की गाशा गुंडाळतात. मालक म्हणतो, माझ्याकडे एक पैसाही आला नाही. नवा चालक म्हणतो, ज्याला दिलेत त्याला विचारा. दोघंही खोटं बोलत नसतात, त्यामुळे वाद लांबतो आणि तेवढ्यात गावातला दुसरा हॉलही जातो.

म्हणून भाड्याची घासाघीस नंतर करा. आधी विचारा, तुमचा करार कोणत्या तारखेपर्यंत आहे? तारखेचं पान बघायला मागा. कार्यक्रम मुदतीनंतरचा असेल, तर पावतीवर मालकाची सही हवी. पैसे हॉलच्या किंवा मालकाच्या खात्यात भरा, मॅनेजरच्या वैयक्तिक खात्यात नको. गावात हॉल तीन-चारच, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे कागद मागायला लोकांना संकोच वाटतो. सचोटीने धंदा करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

पावती नीट वाचा. 'कार्यक्रमासाठी आगाऊ रक्कम मिळाली' एवढंच लिहिलेली पावती जवळजवळ निरुपयोगी. तिच्यावर छापील अनुक्रमांक, कार्यक्रमाची तारीख, कितीपासून कितीपर्यंत, कोणता हॉल (वरचा, खालचा की लॉन), एकूण भाडं, आगाऊ रक्कम आणि अनामत वेगवेगळी, आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा इतकं हवं. रद्द केल्यास किती परत मिळणार हेही त्यातच. हॉलची डायरीही बघा. तारीख पेन्सिलीने टाकली असेल तर ती तुमच्यासाठी फक्त धरून ठेवली आहे. जास्त दिवसांचं गिऱ्हाईक आलं की खोडरबर फिरतो आणि "घरातल्या कुणीतरी चुकून घेतलं" असं कानावर येतं. तुमच्यासमोर पेनने लिहायला लावा आणि पानाचा फोटो काढा.

वेळेचा घोळ वेगळाच. 'पूर्ण दिवस' म्हणजे काय ते प्रत्येक हॉल आपल्या सोयीने ठरवतो. लग्न सकाळी, रिसेप्शन संध्याकाळी, आणि मधल्या चार तासांत तिसऱ्याच कुणाचा छोटा समारंभ उरकून घेतात. सकाळची सजावट उतरलेली, खुर्च्या हललेल्या, खोल्यांच्या चाव्या दुसऱ्यांकडे. 'सकाळी ६ ते रात्री ११, मध्ये हॉल इतरांना दिला जाणार नाही' असं शब्दांत लिहून घ्या. सजावटीसाठी आदल्या रात्री किती वाजता आत सोडणार, हेही त्यातच.

क्षमतेचा आकडा तर बहुतेक ठिकाणी फुगवलेलाच. '५०० माणसं' सांगताना जेवणाची जागा, व्हरांडा, कधी पार्किंगसुद्धा मोजलेलं असतं. टेप घेऊन जा. हॉल ६० बाय ४० फूट असेल तर २४०० चौरस फूट. २० बाय १२ चं स्टेज वजा केलं, ये-जा करायच्या वाटा सोडल्या, की हाती साधारण १९०० उरतात. रांगेतल्या खुर्चीला माणशी ७ ते ८ चौरस फूट लागतात, म्हणजे जेमतेम २५०. टेबलाभोवती बसवायचं तर माणशी १२ धरा, दीडशेच्या थोडे वर. जेवणाचा हिशोबही असाच करा: एका वेळी १०० बसतात, एका बैठकीला ४० मिनिटं, तर ६०० पाहुण्यांना सलग ४ तास लागतील. गाड्यांचं तर कुणी मोजतच नाही. वळायच्या जागेसकट एका गाडीला सुमारे २५ चौरस मीटर लागतात, १०० गाड्यांना अर्ध्या एकरापेक्षा जास्त.

'जनरेटर आहे' यावर विसंबू नका. त्याच्या पाटीवरचा केव्हीएचा आकडा वाचा आणि ०.८ ने गुणा, तेवढे किलोवॉट. २५ केव्हीए म्हणजे २० किलोवॉट. दोन टनांचा एसी साधारण दोन ते अडीच किलोवॉट खातो. असे दहा एसी त्यावर चालणारच नाहीत, आणि ते लाईट गेल्यावर कळतं. मेन बंद करून काय काय सुरू राहतं ते बघा. डिझेल कुणाचं, हेही विचारा.

पैसे भरून झाल्यावर बाहेर येणारी अट म्हणजे केटरर आणि डेकोरेशन त्यांचंच. बाहेरचा आणलात तर वेगळी 'रॉयल्टी'. पहिल्या भेटीतच विचारा. त्यांच्या केटररला किमान ताटांची हमी द्यायची असेल तर उरलेली ताटं कोण मोजणार ते ठरवा. रिकाम्या ताटांची थप्पी आधी दोघांनी मिळून मोजायची, शेवटी उरलेली पुन्हा मोजायची. त्यांच्याच माणसाने मोजलं की आकडा वाढलाच समजा.

रिसेप्शन लॉनवर असेल तर पावसाच्या दिवशी छप्पर कुठलं, आणि स्पीकर किती वाजता बंद करावे लागतात, हे दोन प्रश्न पुरेत.

हॉल ताब्यात घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि खोल्या, बाथरूम, आरसे, खुर्च्या यांचा सलग व्हिडिओ घ्या. परत देताना तसंच करा आणि 'नुकसान नाही' असं लिहून मॅनेजरची सही तिथेच घ्या, मगच चावी द्या. "अनामत सोमवारी येऊन घ्या" म्हणाले तर तो सोमवार पावतीच्या मागे तारखेसकट लिहून घ्यायचा.