‘शंभर टक्के बसतं’

ट्रॅक लोडरला, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या माती उचलायच्या मशीनला, डोझर ब्लेड (माती ढकलायचं रुंद पातं) लावायचं बरेच दिवस डोक्यात होतं. बकेटने माती उचलावी, टाकावी, पण सपाटीकरण करायला गेलं की दर फेरीला बाजूला एक वरंबा उठतो आणि तो मोडायला पुन्हा फेरी. शोधता शोधता एक विक्रेता सापडला. सिक्स-वे ब्लेड, म्हणजे वर-खाली होणारं, डावीकडे-उजवीकडे तिरकं वळणारं आणि दोन्हींपैकी कुठलाही कोपरा खाली दाबता येणारं, ‘जवळपास नवं’, आणि वर त्याचा शब्द : ‘तुमच्या मशीनला शंभर टक्के बसतं.’

बसलंही. त्यात तो खोटं बोलला नाही. बहुतेक छोट्या लोडरची पुढची जोडणीची प्लेट एकाच मापाची असते. प्लेट टेकवली, दोन्ही लिव्हर दाबले, पाचरी खालच्या भोकांतून बाहेर आल्या. होस पाईपचे कपलरही खटकन लागले. पाच मिनिटांचं काम. मी तिथेच पूर्ण पैसे मोजले.

पहिला गोंधळ वायरिंगचा. ब्लेड तिरकं करायचं की त्याचा एक कोपरा खाली दाबायचा, हे ब्लेडवरचा व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्या व्हॉल्व्हला करंट मशीनच्या सॉकेटमधून जातो. त्याचा 14 पिनांचा प्लग माझ्या सॉकेटमध्ये चपखल गेला. पण कुठल्या पिनवर काय येतं, हे मशीनच्या कंपनीप्रमाणे बदलतं. मी ब्लेड तिरकं करायला बटण दाबलं तर कोपरा खाली गेला, दुसऱ्या बटणाला काहीच हललं नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘तुमच्या मशीनची वायरिंग गेलीय.’ आणि मी शहाणा दोन दिवस स्वतःच्याच मशीनचे फ्यूज उपसत बसलो! शेवटी इलेक्ट्रिशियनने एकेक पिन तपासली, तेव्हा कळलं की ब्लेडचा हार्नेस, म्हणजे प्लगसकट वायरांचा जुडगा, दुसऱ्याच कंपनीच्या मशीनचा आहे. नवा माझ्या पैशाने बनवला.

मग रुंदी. ब्लेड 2.1 मीटर, माझं मशीन पट्ट्यांच्या बाहेरून बाहेर 1.9 मीटर. दोन्हीकडे दहा-दहा सेंटीमीटर जास्त, म्हणून मी खूश. पण ब्लेड 30 अंश फिरवलं की त्याची कामाची रुंदी उरते जेमतेम 1.82 मीटर. म्हणजे पट्टा न कापलेल्या मातीवर चढतो, मशीन कलतं, त्याच्याबरोबर ब्लेड कलतं आणि सपाट करायला आलेला माणूस उतार करून जातो. हा हिशोब शाळेतल्या भूमितीचा आहे. विकत घेण्याआधी मला सुचला नाही, त्याला मात्र नक्की ठाऊक असणार.

खरा फटका नंतर बसला. मातीत गाडलेल्या दगडाला ब्लेडचा कोपरा लागला. अशा वेळी सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलाला वाट द्यायला रिलीफ व्हॉल्व्ह हवा. माझ्या ब्लेडवर त्याच्या जागी नुसता बूच ठोकलेला होता. सिलिंडरचा रॉड वाकला. त्याच धक्क्याने मागच्या प्लेटवरचा रंग उडाला आणि खाली जाडजूड जुनं वेल्डिंग दिसलं, त्याच्या कडेने लांब तडा. नव्या तड्यात लोखंड चमकतं, इथे आतपर्यंत तांबडा गंज होता. सीरियल नंबरच्या पट्टीच्या जागी रंगाने बुजवलेली चार रिव्हेटची भोकं.

तो म्हणाला, ‘तुम्ही आर्म वर ठेवून माती ढकलली असणार.’ आर्म, म्हणजे ब्लेड उचलणारे लोडरचे हात, पूर्ण खाली, स्टॉपवर टेकवूनच ढकलायचं असतं, हे बरोबर आहे. पण त्याने मला पाठवलेल्या व्हिडिओत त्याचाच ऑपरेटर आर्म हातभर उचलून माती लोटत होता. तो व्हिडिओ दाखवला, तर त्याने बिलाकडे बोट केलं : ‘माल तपासून घेतला.’ खाली माझी सही.

तुम्ही घ्यायला गेलात तर ब्लेड स्वतःच्या मशीनला लावून, दोन्ही बाजूंना पूर्ण तिरकं करून घ्या आणि तशा अवस्थेत टेप लावून मापा. प्रत्येक बटण दाबून पाहा. मागच्या प्लेटच्या कोपऱ्यांतला रंग खरवडू दिला नाही, तर तिथूनच परत फिरा. आणि पूर्ण पैसे एक दिवस काम करून पाहिल्यावर.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. फोटोत ब्लेड ताजं रंगवलेलं, आणि प्रत्येक फोटोत अगदी सरळ उभं.